हिरव्या डब्याची चोरी

१

शनिवारी सकाळी नऊ वाजता अन्नपूर्णा रामटेकेबाईंनी कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप उघडलं, दिवा लावला आणि दारातच थबकल्या. टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याच्यामागचा डबा नव्हता. डब्याच्या जागी धुळीत एक चौकोन तेवढा स्वच्छ राहिला होता.

सत्त्याऐंशीची दिवाळी होऊन पंधरवडा झालेला. चामोर्शीच्या वनराई विद्यालयाला हा विलायती कॉम्प्युटर जूनमध्ये सरकारी योजनेतून मिळाला होता. दिसायला टाइपरायटरसारखा, नुसती बटनं. आत काय चाललंय ते दाखवायचं काम त्या डब्याचं. त्याला मॉनिटर म्हणायचं. पोरी हिरवा डबा म्हणायच्या, कारण त्यात जे उमटायचं ते हिरवंच, दुसरा रंग नाही. सोमवारी अकरा वाजता नागपूरहून साहेब यायचे होते. पोरींनी मशीन चालवून दाखवली तर शाळेला आणखी चार मिळणार, नाही तर आहे तीही उचलून नेणार. म्हणून बाई शाळा उघडायच्या दोन दिवस आधीच सराव घ्यायला आल्या होत्या.

कुलूप साबूत. किल्ल्या दोन. एक बाईंच्या पर्समध्ये, दुसरी ऑफिसातल्या खिळ्यावर.

साडेनऊला हेडमास्तर बापूराव आले. त्यांनी कुलूप पाहिलं, बाईंची पर्स पाहिली आणि मोठ्या बाबूंना कागद घ्यायला सांगितलं. मोठे बाबू म्हणजे शाळेचे हेडक्लार्क श्रीहरी. अक्षर असं की कागदावर रांगोळी घातल्यासारखं. पाच मिनिटांत मेमो तयार: सोमवारी अकरापर्यंत वस्तू मिळाली नाही तर बाई कामावरून बंद, आणि प्रकरण पोलिसात.

"सर, किल्ली तं खिळ्यावर बी आहे," बाई म्हणाल्या.

"खिळ्यावरची ऑफिसात राह्यते, बाई," श्रीहरीबाबू शाईवर टिपकागद दाबत म्हणाले. "तुमची तुमच्या घरी राह्यते."

बाईंनी मेमोवर सही केली, त्याची बारीक घडी घातली, आणि घरी न जाता सरळ बसस्टँडकडे चालू लागल्या. तिथं मुखरू भोयरचं दुकान होतं.

२

मुखरू पंचेचाळिशीचा. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा, आणि तालुक्यातल्या प्रत्येक घरावरचा अँटिना त्याने स्वतःच्या हाताने तीस फुटी बांबूवर चढवला होता. कोणाच्या टीव्हीला वायर खुपसायचं कुठलं भोक आहे आणि कोणाच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही, दोन्ही त्याला पाठ. खोड्या काढण्यात तर त्याचा हात धरणारा नाही. एकदा त्याने सरपंचाला सांगितलं की बातम्या देणारी बाई आतून आपल्याला पाहते. सरपंच महिनाभर फेटा बांधून बातम्या बघत होता.

बाईंचं सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "डबाच गेला? मशीन नाई नेली?"

"मशीन आहे. डब्याची वायर बी गेली. हातभर लांब, दोन्ही टोकाले एकेक गोल पिन."

"हं. अन् हेडमास्तर का म्हनते?"

"म्हनतेत, कोनाचा बी टीव्ही आनून लावा अन् साहेबायची वेळ मारून न्या."

मुखरू खदखदून हसला. "लावून पाहू म्हना. नुसत्या मुंग्या दिसतीन. बाई, ह्या मशिनीले टीव्हीसाठी एक भोक आहे खरं, पन ते विलायतेच्या टीव्हीसाठी. थे चित्र छत्तीस नंबरवर फेकते. आपल्या टीव्हीचं बटन बारावर संपते. छत्तीस ठेसनाची गाडी, अन् आपल्या इथी रूळ बाराच ठेसनाचे. म्हनून तं तुमाले संग डबा देल्ला."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे डबा सापडला नाई तं काईच होत नाई."

"काईच नाई. पन थांबा जी, आता उलटं पाहा." मुखरूने स्टूल पुढे ओढलं. "चोरानं डबा नेला कायले? त्याले अँटिनाचं भोक नाई, नंबरचं बटन नाई, आवाज नाई. घरी नेऊन अँटिना लावतो म्हनन तं लावन कुठी? नुसती काळी काच पाहत बसन. हा डबा दोनच गोष्टीवर चालते. एक कॉम्प्युटर, थो तुमच्याच टेबलावर आहे. अन् दुसरा..."

"दुसरा?"

"व्हीसीआर. त्याले मांगून तसंच गोल भोक राह्यते. चोरानं वायर बी नेली, म्हंजे त्याले हे मालूम होतं. त्याच्यापाशी व्हीसीआर आहे, नाई तं त्यानं किरायानं आनला." मुखरूने दुकानाला कडी घातली. "अन् चामोर्शीत व्हीसीआर किरायानं देनारा एकच आहे."

३

व्हीसीआरवाल्या लच्छूने मुखरूला येताना पाहिलं आणि आधी स्वतःची खुर्ची तपासली. मागच्या खेपेला त्यावर खाजकुयली होती.

"भेऊ नको बे," मुखरू म्हणाला. "आज कामानं आलो. दिवाळीत शाळेचं कोन आल्तं व्हीसीआर न्याले?"

हेडमास्तर सोडले तर खिळ्यावरच्या किल्लीपर्यंत हात पोचणारे तिघंच होते. शिपाई इसरू, खेळाचे मास्तर देवाजी आणि मोठे बाबू. लच्छूने बोटांवर मोजत आठवलं.

"इसरू नाई आला. देवाजीमास्तर आले, नागपूरची मॅच टेप करतो म्हने. अन् मोठे बाबू. भाऊबीजेच्या सकाळीच आले, चार दिवसासाठी. दोघायनंही व्हीसीआरच नेला, टीव्ही नाई. दोघायच्या घरी टीव्ही आहेच ना."

"टीव्हीले जोडते कसे तुहे लोकं?"

"जसे सारे जोडतेत तसे. संग मी काळी अँटिना वायर देतो. एक टोक व्हीसीआरमधे, एक टीव्हीच्या अँटिनाच्या भोकात. बटन चारवर लावाचं. माह्ये सारे मशीन चारवर सेट आहेत. दुसरं भोक या गावात एकाही टीव्हीले नाई, तुले तं ठावं आहे."

"थे दोन थैले दाखव. परत आल्यावर खोलले का?"

"कायले खोलतो? गिऱ्हाईक आलं की खोलीन."

मुखरूने पहिला थैला टेबलावर पालथा केला. देवाजीमास्तरांचा. व्हीसीआर, लाइटची वायर, आणि काळी अँटिना वायर, तिच्या पार गाठी झालेल्या, एका टोकाला चिखल. दुसरा थैला बाबूंचा. व्हीसीआर, लाइटची वायर, आणि काळी वायर गोल गुंडाळलेली. तिच्यावर सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर.

"हे रबर कोनं चढवलं?"

"मीच चढवतो, देताना. लोकं परत करतेत थे असे, गाठी करून. बाबू मात्र सज्जन, कशी गुंडाळून देल्ली पाहा."

मुखरूने ते रबर नखाने थोडं उचललं. खाली रबराच्या रुंदीएवढी वायर स्वच्छ होती, दोन्ही बाजूंना धुळीची रेघ. त्याने रबर तसंच खाली बसवलं आणि शीळ वाजवत बाहेर पडला. बाईंना त्याने एवढंच सांगितलं, "अजून दोघायले एकेक प्रश्न विचाराचा आहे."

४

इसरू शाळेच्या पायरीवर गुडघ्यात मान घालून बसला होता. हेडमास्तरांनी बाईंनंतर त्याचंच नाव घेतलं होतं.

"दिवाळीभर मी गावी होतो जी," तो म्हणाला. "अन् डबा नेऊन करू का? माह्या घरी लाइटच नाई."

देवाजीमास्तर मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होते. मुखरूने विचारलं, "मास्तर, मॅच कोन्या नंबरवर पायली टेपवर?"

"चारवर. अन् पायली कायची, हॅट्ट्रिकपर्यंत आलो तं मधेच भजनं सुरू झाले. बायकोनं त्याच कॅसेटवर भजनं भरून ठेवले. घरात आठ दिवस झाले बोलनं बंद आहे. अन् तू ये एखाद दिवशी, थे वायर खुपसू खुपसू अँटिनाचं भोक ढिलं झालं."

श्रीहरीबाबू घरीच होते. बायको-पोरं अजून सासुरवाडीला, डोंगरटोल्यात. बाबूंनी स्वतः चहा केला, कपबशी पुसून दिली. कोपऱ्यात टीव्हीवर क्रोशाचं झाकण, झाकणावर प्लास्टिकची फुलं.

"बाबू, टीव्ही बराबर चालून राह्यला ना? दिवाळीत व्हीसीआर लावला म्हने तुमी."

"एकदम आरशासारखा. तीन पिक्चर पायले याच टीव्हीवर. पाव्हने खूश."

"कोन्या नंबरवर लावला होता?"

बाबूंनी कप तोंडापाशीच धरून ठेवला. "नंबर का... जिथी रोज लागते तिथीच. सातवर."

"बराबर आहे," मुखरू म्हणाला, आणि बशीतला चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

बाहेर आल्यावर बाईंनी त्याची बाही धरून त्याला थांबवलं. "सातवर तं दूरदर्शन लागते, मुखरूभाऊ. व्हीसीआर चारवर."

"आता समजलं ना तुमाले."

"पन इतक्या दिवसानं भूलही पडू शकते मानसाले."

"पडू शकते. म्हनून तिसरी गोष्ट पायजे," मुखरू म्हणाला. "उद्या बाजार आहे."

५

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. पाळणे येतात, नाटकं येतात, आणि दोनेक वर्षांपासून तिकीट लावून व्हिडिओ पण येतो. रविवारच्या बाजारात जंगलाकडची माणसं सूप-टोपल्या घेऊन येतात, त्यांच्याजवळ दहा गावच्या मंडईच्या बातम्या असतात. मुखरू प्रत्येक टोपलीपाशी बसला, प्रत्येकीशी भाव केला, काहीच घेतलं नाही. पाचवी होती धुरपता. तिने त्याला उठूच दिलं नाही.

"घेत नाईस तं हात कायले लावतेस?"

"घेतो ना वो बाई. डोंगरटोल्याची मंडई कशी झाली थे सांग पह्यले."

"नाटक चांगलं झालं. व्हिडिओ मातर बेमार होता." ती टोपलीच्या कडा वळवत म्हणाली. "एवढासा डबा, अन् त्यातले सारे मानसं पोपटी. नवरी पोपटी, घोडा पोपटी, रगत बी पोपटी. आवाज डब्यातून नाई, झाडावरच्या भोंग्यातून. मी बाबूले म्हनलं, तुहा डबा बिघडला, पैसे वापस दे. थो म्हने, हा विलायती रंग आहे, तुमाले नाई समजाचं. मी चंद्रपूरले बहिनीकडं रंगीत टीव्ही पायला आहे, मले का शिकवते."

"बाबू कोन?"

"डोंगरटोल्याचा जावई. थो शाळेत लिवनारा."

बाईंनी डोळे मिटले, उघडले. "चला. आत्ताच हेडमास्तरायकडं."

"अन् सांगाल का?" मुखरूने टोपली काखेत मारली, पैसे दिले. "सर धुरपताचं आयकतीन का मोठ्या बाबूचं? बाबू म्हनन, डबा माह्या साळ्याचा होता. पोलीस निघाले असं कानी आलं तं डबा रातोरात वैनगंगेत. मंग उद्या अकराले तुमी साहेबायले का दाखवाल, माह्यं तोंड? डबा त्यालेच आनू द्या. त्याच्याच हातानं, धावत."

"धावत कायले आनन थो?"

मुखरूच्या डोळ्यांत जे आलं ते पाहून बाईंना त्या सरपंचाची दया आली.

६

दुपारी बाराला हेडमास्तरांच्या ओसरीवर मुखरू घाईघाईने आला, पायात रबरी चप्पल, हातात टेस्टर. श्रीहरीबाबू तिथं साहेबांच्या स्वागताचं भाषण लिहीत बसले होते.

"सर, चोर कोन आहे याच्याशी मले मतलब नाई. पन थो बिचारा मरते आता."

बापूरावांनी चष्मा काढला. "काय झालं?"

"डब्याच्या काचेत करंट भरून राह्यते. कॉम्प्युटरले जोडलेला असला तं काई नाई. तोडून ठेवला तं थो करंट पंधरा दिवस आतमधे फिरते. पंधराव्या दिवशी दिवस बुडताना..." मुखरूने दोन्ही हात हळूच वर नेले. "छप्पर बी राह्यत नाई. धानाच्या कोठीपाशी ठेवला असन तं साऱ्या गावाले लाह्या."

श्रीहरीबाबूंच्या टाकातून भाषणावर शाईचा डाग पडला.

"पंधरा दिवस," ते म्हणाले, "कधीपासून धराचे?"

"नेल्यापासून. कोनं भाऊबीजेले नेला असन तं आज दिवस बुडाले."

"काई उपाव?"

"आहे ना. गोधडीत गुंडाळाचा, पायात रबर घालाचं, धक्का न लावता आनून कॉम्प्युटरले जोडाचा. लगेच थंड होते. पन चोराले हे कोन सांगन जी?" मुखरूने सुस्कारा टाकला. "मीठ टाकलं तं चालत नाई, पानी बी नाई. नदीत टाकला तं मासे सारे वर."

पाच मिनिटांनी बाबूंना अचानक सासऱ्यांची तब्येत आठवली. सायकल अशी निघाली की रस्त्यावरच्या कोंबड्या दोन्ही बाजूंनी झाडावर चढल्या.

बापूराव त्या धुळीकडे बघत राहिले. मग मुखरूकडे.

"सर," मुखरू म्हणाला, "संध्याकाळी नाल्याच्या पुलापर्यंत फिराले येता का? हवा चांगली आहे."

७

दिवस मावळायला अर्धा तास होता. पुलाच्या कठड्यावर चौघं बसले होते: बापूराव, अन्नपूर्णाबाई, इसरू आणि मुखरू. डोंगरटोल्याच्या रस्त्याने एक बैलगाडी येत होती. गाडीवर कोणी नव्हतं. गाडीवान कासरा लांब सोडून बैलांच्या पुढे तीस पावलं चालत होता. गाडीत मधोमध भाताच्या तणसाच्या ढिगावर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. आणि गाडीच्या मागे तीस पावलं, घामाघूम चेहऱ्याने, गुडघ्यापर्यंत गमबूट घातलेले मोठे बाबू. दगड आला की ते "हळू, हळू" म्हणायचे आणि कान झाकायचे.

"बाबू," बापूरावांनी हाक मारली, "सासऱ्यांची तब्येत गाडीत आणली का?"

"सर, दूर व्हा. जवळ येऊ नका. किती वाजले?"

मुखरू उठला, गाडीत चढला, गोधडी बाजूला केली आणि हिरव्या डब्याला दोन्ही हातांनी कवेत घेतलं. बाबू रस्त्यावरच उकिडवे बसले. काहीच झालं नाही. बैलाने शेपटी हलवली.

"फुटत नाई बाबू," मुखरू म्हणाला. "कधीच फुटनार नव्हता."

श्रीहरीबाबूंनी गमबुटाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग चौघांकडे. आणि मग सावरून बसले. "मले हा साळ्याच्या घरी दिसला. मी वापस आनून देत होतो. चोर दुसराच कोन तरी."

"आयका तं मंग," मुखरू म्हणाला, आणि डबा मांडीवर घेऊन गाडीच्या फळीवर बसला. "ह्या डब्याले अँटिनाचं भोक नाई, म्हनून चोराले व्हीसीआर लागला. खिळ्यावरच्या किल्लीपाशी जानाऱ्यापैकी दोघायनं व्हीसीआर नेला. मास्तरायची काळी वायर वापरलेली, गाठीच्या गाठी. तुमच्या वायरीवरचं रबर लच्छूनं चढवलं तसंच होतं, बाजूची धूळ बी हालली नाई. काळी वायर न खोलता तुमी घरच्या टीव्हीवर तीन पिक्चर पायले कसे? तुमच्या टीव्हीले दुसरं भोकच नाई, थो मीच लावला आहे. म्हंजे तुमी दुसरी वायर वापरली, गोल पिनची, अन् तशी वायर गावात एकच होती. थे शाळेतून गेली. मंग मी नंबर विचारला. व्हीसीआर टीव्हीवर चारले दिसते, लच्छूच्या साऱ्या गिऱ्हाइकायले पाठ आहे. तुमाले मालूम नाई, कारन डब्याले नंबरच लागत नाई. अन् डोंगरटोल्यात साऱ्या मंडईनं पोपटी घोडा पायला. साळ्याले नाई, तुमाले पायलं तिथी. भोंगा कोनाचा होता जी, शाळेच्या गॅदरिंगचा?"

गाडीवानाने मान डोलावली. भोंगा गाडीतच तणसाखाली होता. गोल पिनची वायर त्याच्याच भोवती गुंडाळलेली.

बाबू उठून उभे राहिले. "सोमवारच्या आधी ठेवनारच होतो, सर. बसमधून आनला तं साऱ्यायले दिसला असता, म्हनून आज गाडीतून आनाचा बेत होता. बाई आधीच येतीन असं वाटलं नाई."

बापूराव कठड्यावरून खाली उतरले. मग त्यांनी विचारलं, "ते समजलं. पण शनिवारी डबा कुठे आहे हे तुम्हाला माहीत असताना बाईंच्या नावाचा मेमो कोणत्या हाताने लिहिला?"

इसरूने गाडीवानाच्या हातून कासरा घेतला आणि गाडी शाळेकडे वळवली. या खेपेला सगळे गाडीत बसले होते. बाबू तेवढे पायी.

८

सोमवारी अकराला साहेब आले. त्याआधी बापूरावांनी सगळ्या शिक्षकांसमोर मेमो रद्द केल्याचा कागद वाचला. अक्षर त्यांचं स्वतःचं, वाकडंतिकडं, पण दोन ठिकाणी "मी दिलगीर आहे" असं लिहिलेलं. श्रीहरीबाबू सकाळीच शाळेतल्या आपल्या खोलीची किल्ली देऊन जिल्ह्याच्या ऑफिसात खुलासा द्यायला रवाना झाले होते, बापूरावांनी दिलेलं बंद पाकीट घेऊन.

खोलीत पोरी दाटीवाटीने उभ्या होत्या. मुखरू खिडकीबाहेर, कारण आत जागा नव्हती. अन्नपूर्णाबाईंनी गोल पिन दाबली, बटन टाकलं. काचेत एक हिरवा ठिपका उगवला आणि टिमटिमत थांबला.

"चालवणार कोण, बाई? तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"मी नाई, सर. ह्या."

आठवीतली कमला पुढे झाली. तिची बोटं बटनांवर टकटक चालली. मग ती मागे सरकली. पडद्याच्या तळाशी एक हिरवी रेघ उमटली. तिच्यावर दुसरी, थोडी आखूड. तिच्यावर तिसरी. रेघेवर रेघ चढत गेली, कंगोरे फुटले, आणि जवळच्या मार्कंड्याच्या देवळाचं शिखर कळसासकट उभं राहिलं. खाली वैनगंगा, ठिपक्या ठिपक्यांची, चक्क वाहत होती.

साहेब खुर्ची ओढून पडद्यापाशी गेले. "हे पुस्तकात कुठे आहे?"

"पुस्तकात नाई, सर," कमला म्हणाली. "आमी देवळापाशी जाऊन पायऱ्या मोजल्या, वही घेऊन. मंग बाईनं आकडे कसे टाकाचे थे शिकवलं."

साहेबांनी ते पुन्हा चालवायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला बटनं त्यांनी स्वतः दाबली, आणि कळस उमटल्यावर टाळी पण त्यांनीच आधी वाजवली. त्यानंतर जो गलका झाला तो बसस्टँडपर्यंत गेला. खिडकीबाहेर मुखरूने इसरूला उचलून घेतलं होतं, त्याला आतलं दिसावं म्हणून.

गलका ओसरल्यावर साहेबांनी फाइल उघडली. "चार मशिनी मंजूर करतो. पण ही खोली फार लहान आहे. तेवढ्यांना जागा कुठे आहे तुमच्याकडे?"

बापूराव विचारात पडले. अन्नपूर्णाबाईंना विचार करावा लागला नाही.

"आहे ना, सर," त्या म्हणाल्या. "मोठ्या बाबूची खोली रिकामी झाली."